बाजार आणि दैव

मराठी भाषेतील काही क्रियापदे मोठी सोयीची आहेत. पाऊस पडतो, दुष्काळ पडतो, आणि त्याच क्रियापदाने कापसाचा भावही पडतो. पेढी बुडते, सावकार बुडतो, आणि कर्ज फिटले नाही म्हणजे जमीन ‘जाते’. पाऊस पाडणारा कोणी मनुष्य नाही, हे उघडच आहे. परंतु भाव पाडणारा आणि जमीन नेणारा कोणी मनुष्य असतो की नसतो, हा प्रश्न अकर्मक क्रियापद योजल्याने मिटत नाही. तो फक्त दृष्टीआड होतो. ज्यांना आपण अर्वाचीन जगाला घडविणाऱ्या राजकीय व आर्थिक शक्ती म्हणतो, त्यांच्यासंबंधी आपण असेच बोलत असतो. त्या येतात, वाढतात, आदळतात आणि माणसांना वाहून नेतात. या बोलण्यात सत्याचा अंश किती आणि पळवाटेचा अंश किती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

इतिहास शिकविणाऱ्यांनी या सवयीला मोठाच हातभार लावला आहे. या व्यवसायात पंचवीसांवर वर्षे घालविल्यामुळे हे मी थोड्या अधिकाराने म्हणू शकतो. पहिल्या महायुद्धाची कारणे विचारली म्हणजे विद्यार्थी साम्राज्यवाद, राष्ट्रवाद, शस्त्रास्त्रांची स्पर्धा व गुप्त तह अशी शीर्षके घालून उत्तर लिहितो. उत्तर चुकीचे नसते. त्याला गुणही मिळतात. परंतु ते वाचून झाल्यावर असा भास होतो की, १९१४ च्या जुलै महिन्यात युरोपच्या राजधान्यांत सही करणारी, तारा पाठविणारी व सैन्याला हुकूम देणारी माणसे नव्हतीच. आमच्या आधीच्या पिढ्यांनी कार्लाइल वाचून थोर पुरुषांची चरित्रे म्हणजेच इतिहास असे मानले. पुढच्या पिढ्यांनी मार्क्स वाचला आणि उत्पादनाच्या साधनांत व वर्गांच्या संबंधांत इतिहासाचे मूळ शोधले. दुसऱ्या मताने पहिल्याचा भाबडेपणा घालविला, हा त्याचा मोठा उपकार होय. तथापि त्याचे जे सुलभ रूप वर्गात आणि वर्तमानपत्रांत रूढ झाले, त्याने कर्ता हा शब्दच इतिहासाच्या वाक्यातून काढून टाकला.

हा वाद आपल्याकडे नवा नाही. महाभारतात शरपंजरी पडलेले भीष्म युधिष्ठिराला राजधर्म सांगतात, तेथे हाच प्रश्न येतो. काळ राजाला घडवितो की राजा काळाला घडवितो? याविषयी संशय बाळगू नकोस, राजा हाच काळाचे कारण आहे, असा भीष्मांचा निर्वाळा आहे. हा निर्वाळा आजच्या अभ्यासकाला एकांगी वाटेल. पण तो देणारा पुरुष डोळ्यांसमोर आणावा. आपल्या हयातीत घडलेला सर्व अनर्थ काळाच्या माथी मारणे ज्याला अत्यंत सोयीचे होते, त्या वृद्धाने ते केले नाही, यात काही अर्थ आहे.

असे प्रश्न हवेत सोडविण्यापेक्षा एखाद्या ओळखीच्या भूमीवर तपासून पाहावेत, हे बरे. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्या जमिनीवर गेल्या पावणेदोनशे वर्षांत जगाच्या इतिहासाने जेवढी अक्षरे उमटविली आहेत, तेवढी पुष्कळ नामांकित राजधान्यांवरही उमटली नसतील.

१८५३ च्या मे महिन्यात निजाम व ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला. हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेच्या खर्चाची थकबाकी निजामावर होती. तिच्या फेडीसाठी व पुढील खर्चासाठी वऱ्हाड कंपनीच्या हाती देण्यात आले. गव्हर्नर जनरल डलहौसी याला या मुलखातील कापसाचे मोल पुरते ठाऊक होते. त्यानंतर आठ वर्षांनी, १८६१ च्या एप्रिल महिन्यात, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लिंकनने दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. इंग्लंडातील गिरण्या आपल्या कापसाच्या चार भागांपैकी तीन भागांहून अधिक कापूस त्याच बंदरांतून आणीत असत. गिरण्या बंद पडू लागल्या आणि लँकेशायरचे डोळे हिंदुस्थानकडे लागले. कापसाचे भाव अशा उंचीवर चढले की, मुंबईत पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंद यांचे नाव सर्वतोमुखी झाले, आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांचे भाग भलत्याच किमतीला विकले जाऊ लागले. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपले. भाव कोसळले, कंपन्या बुडाल्या आणि त्यापाठोपाठ बँक ऑफ बॉम्बेही बुडाली.

मात्र वऱ्हाडात जे एकदा सुरू झाले ते थांबले नाही. जी. आय. पी. रेल्वे १८६७ साली नागपूरला पोहोचली. लॉर्ड मेयो याने १८७० साली खामगावच्या रेल्वे फाट्याचे उद्घाटन केले. यवतमाळचा कापूस बैलगाड्यांतून धामणगावच्या स्थानकावर आणि तेथून मुंबईच्या गोदीत जाऊ लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद लोहमार्गाची गाडी निघाली. तिच्यावर सुमारे सत्तर वर्षे राबलेले वाफेचे इंजिन मँचेस्टरलाच बनलेले होते. १८९९–१९०० साली पाऊस आला नाही, तेव्हा ज्वारीच्या दाण्यासाठी या समृद्ध म्हणून गाजलेल्या प्रांतात माणसे तडफडून मेली.

हा वृत्तान्त ऐकून शक्तिवादी म्हणेल, “पाहा, माझेच खरे! दारव्ह्याच्या किंवा वणीच्या कुणब्याने अमेरिकेचे नावही ऐकले नव्हते. गुलामांच्या मुक्तीचा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. तरीही त्या प्रश्नाने त्याच्या शेतात काय पेरावे हे ठरविले. व्यक्तीच्या इच्छेला येथे किंमत काय?” या म्हणण्यातील तथ्य मी नाकारीत नाही. माणसाचे आयुष्य त्याने न पाहिलेल्या माणसांच्या व्यवहारांनी बांधले जाणे, हेच अर्वाचीन काळाचे मुख्य लक्षण आहे. पूर्वीचा शेतकरी निसर्गाच्या लहरीवर जगत होता. अर्वाचीन शेतकरी निसर्गाच्या लहरीवर तर जगतोच, शिवाय लिव्हरपूलच्याही लहरीवर जगू लागला.

पण हाच वृत्तान्त जरा जवळ जाऊन वाचावा. तह आपोआप होत नाही. त्यावर सह्या होतात. रेल्वे ही काही जमिनीतून उगवलेली नव्हती. भागधारकांना शेकडा पाच टक्के व्याजाची हमी हिंदुस्थानच्या तिजोरीतून द्यावी, असे कोणी तरी लंडनमध्ये ठरविले म्हणून ती झाली. नव्या जमीनबंदोबस्ताने कुणब्याला जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क दिला, आणि तो हक्क गहाण टाकण्याची व विकण्याची मुभाही त्याबरोबरच दिली. ती मुभा दिली नसती, तर सावकाराच्या वहीला तो दात फुटलाच नसता. १८६५ च्या पडीत जमिनीच्या नियमांनी या जिल्ह्यातील कित्येक गावे सबंधच्या सबंध इजाऱ्याने दिली गेली, आणि त्या रानांत पिढ्यान्‌पिढ्या वावरणारे कोलाम व गोंड दुसऱ्याच्या मालकीच्या भूमीवर येऊन पडले. यातील प्रत्येक गोष्ट कोणा तरी मनुष्याने मेजावर बसून, पर्याय समोर असताना, केलेली निवड होती. पुढे तिला पन्नास वर्षे लोटली, निवडणारे विस्मृतीत गेले, आणि मग नातवंडांच्या पिढीने तिला परिस्थिती हे नाव दिले.

बाजाराचेच उदाहरण घ्या. बाजार म्हणजे वाऱ्यासारखी स्वतंत्र वस्तू आहे असे समजणाऱ्याने वऱ्हाडाचा इतिहास अवश्य पाहावा. हिंदुस्थानातील पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ साली कारंजा येथे स्थापन झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. वजने खरी असावीत, दलालीचे दर ठरावीत, तंट्यांचा निवाडा व्हावा, हे सारे त्यात आले. भेसळ नसलेला कापूस बेताच्या भावात परदेशी जावा, ही इच्छा या व्यवस्थेच्या मुळाशी होती. समितीवर व्यापारी बसले; ज्याने कापूस पिकविला त्याला तेथे जागा नव्हती, आणि ती उणीव १९२८ च्या रॉयल शेतकी कमिशनच्याही डोळ्यांत भरली. अर्थात काटा कोणी धरावा आणि काट्याजवळ कोणी उभे राहावे, हे ठरविणारे नियम माणसांचेच असतात. त्यांना निसर्गनियम म्हणणे हा बुद्धीचा आळस तरी असतो, नाही तर हिताचा हिशेब तरी.

येथे एक खरीखुरी अडचण उभी राहते, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. समजा, कर्ते आहेत हे मान्य केले. परंतु ते इतके आणि एवढे विखुरलेले आहेत की दोष कोणाला द्यावा? मँचेस्टरच्या मालकाला स्वस्त कापूस हवा, यात पाप काय? मुंबईचा व्यापारी लिव्हरपूलच्या तारेवर चालतो. अडत्या मुंबईच्या निरोपावर चालतो. सावकार अडत्याकडून येणाऱ्या पैशाच्या भरवशावर उधारी देतो. मामलेदार ठरलेल्या तारखेस ठरलेला सारा मागतो. प्रत्येकजण आपापले काम चोख करतो. कोणाच्याही मनात कुणब्याचे वाईट नसते, आणि तरीही शेवटी कुणब्याचे वाईट होते. मारेकऱ्यावाचून घडलेल्या या हत्येसाठी आपल्या जुन्या नीतिशास्त्रात शब्द नाही, असे सकृद्दर्शनी वाटते.

मला मात्र असे वाटते की शब्द नसला तरी विचार आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नानाविध चेष्टा, आणि पाचवे दैव. ही विभागणी आपल्या प्रश्नाला लावून पाहण्यासारखी आहे. काळी जमीन व तिच्यावरचा पाऊस हे अधिष्ठान. जिन, रेल्वे, तारायंत्र व कायदा ही करणे. असंख्य माणसांची लहान-मोठी खटपट ही चेष्टा. सर्व जमेस धरूनही जे उरते, ज्याचा हिशेब कोणालाच आधी मांडता येत नाही, ते दैव. विचार करण्याजोगी गोष्ट ही की दैव यात पाचवे आहे. पहिलेही नाही आणि एकटेही नाही. ‘बाजार’ हा शब्द आपण ज्या अर्थाने उच्चारतो, त्यात करणे, चेष्टा आणि कर्ता या तिघांनाही उचलून दैवाच्या खात्यावर लिहिलेले असते. हा खोटा जमाखर्च होय.

खाती पुन्हा वेगळी केली, म्हणजे दोष एकावरच येत नाही; पण तो नाहीसाही होत नाही. तो वाटला जातो, आणि ती वाटणी सर्वांना सारखी नसते. ज्याला परिणाम अधिक दिसत होता आणि तो बदलण्याचे सामर्थ्य ज्याच्या हाती अधिक होते, त्याचा वाटा अधिक. धामणगावच्या स्थानकावर गाठोडी मोजणाऱ्या कारकुनाचा वाटा शून्य म्हणता येणार नाही, पण गुंजभर; हमीच्या व्याजाचा ठराव करणाऱ्याचा शेरभर. न्यायाचा काटा तरी याच रीतीने चालावा.

शक्तींच्या जात्यात भरडला जाणारा मनुष्यही केवळ दाणा नसतो, याला इतिहासाची साक्ष आहे. ज्या कापसाच्या टंचाईने वऱ्हाडला जगाच्या बाजारात ओढले, तिनेच लँकेशायरच्या कामगारांना उपाशी पाडले. नाकेबंदी मोडली जावी, दक्षिणेचा कापूस यावा, यातच त्यांचे पोट भरणार होते. असे असता १८६२ च्या डिसेंबरच्या ३१ तारखेस मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये सभा भरली, आणि गुलामगिरी नष्ट करण्याच्या लिंकनच्या प्रयत्नास पाठिंबा देणारे पत्र तेथून त्याला गेले. लिंकनने १८६३ च्या जानेवारीत त्याला कृतज्ञतेचे उत्तर धाडले. सर्वच कामगारांचे मत असे होते असे नव्हे; काही ठिकाणी सूर उलटा होता. परंतु काहींनी तरी भुकेच्या विरुद्ध बाजूला आपले मत टाकले, एवढेच पुरे आहे. आर्थिक हित म्हणजेच मनुष्याचे मत, हा सिद्धान्त त्या सभेत खोटा ठरला. आपल्याच जिल्ह्यात १९३० च्या जुलैमध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडला, तेव्हा त्या मूठभर गवताने साम्राज्याच्या तिजोरीचे काय बिघडले असेल! परंतु जंगल सरकारचे असते, ही गोष्ट पावसासारखी नैसर्गिक नाही, ती कोणी तरी ठरविलेली आहे आणि म्हणून मोडता येते, हे त्या कृतीने हजारोंना दाखविले.

आता आपल्या काळाकडे वळू. महाराष्ट्र सरकारने १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. तिच्यात तोटा झाला, दिरंगाई झाली, चुकारे रखडले, प्रतवारीच्या तक्रारी झाल्या, आणि सुमारे तीस वर्षांनी ती संपुष्टात आली. तिचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही. फक्त एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. त्या काळात भाव कमी मिळाला तर शेतकऱ्याला जाब कोणाला विचारावयाचा हे ठाऊक होते. मोर्चा कोणत्या दारावर न्यावा हे माहीत होते. ज्या चुकीचा कर्ता ठाऊक असतो ती सुधारण्याचा निदान मार्ग तरी असतो. पुढे १९९५ साली जागतिक व्यापार संघटना आली, आणि जाब विचारण्याचे दार दिसेनासे झाले.

तथापि दार नव्हतेच असे नाही. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना जे भरघोस अनुदान देत होती, त्याविरुद्ध ब्राझीलने २००२ साली त्याच संघटनेपुढे तक्रार नेली. त्या अनुदानामुळे जगातील कापसाचे भाव दडपले गेले, हा ब्राझीलचा मुद्दा मान्य झाला, आणि २००५ साली अपिलातही तो निर्णय कायम राहिला. म्हणजे ज्या वर्षांत यवतमाळचा शेतकरी ‘भाव पडला’ असे म्हणून कपाळाला हात लावीत होता, त्या वर्षांतला भाव पडला नव्हता, निदान काही अंशी तो पाडला गेला होता. आणि हे कोणा चळवळ्याचे भाषण नव्हे, तर न्यायासनाचा निष्कर्ष होता. भारतात कापसाच्या आयातीवर २०२१ साली कर बसविण्यात आला आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये तो काही महिन्यांपुरता उठविण्यात आला. दोन्ही निर्णयांच्या बाजूने बोलण्यासारखे काही असेल. पण ते निर्णय होते, हवामान नव्हते.

या सर्व विवेचनाचे कारण आता सांगतो. गेल्या शतकाच्या अखेरीपासून या जिल्ह्याचे नाव देशभर घेतले जाते ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले. यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर झाली. समित्या आल्या, अहवाल झाले. आत्महत्यांची कारणे पुष्कळ व गुंतागुंतीची असतात, आणि एकाच कारणाचे सूत्र त्यांवर बसविणे उथळपणाचे होईल. पण नीतीच्या दृष्टीने त्यांत एक भयंकर विसंगती आहे, आणि तिच्याकडे आपले लक्ष जावे तसे गेलेले नाही.

ज्यांच्या हाती पुष्कळ आहे ते सर्व म्हणतात, आम्ही काय करणार, बाजारच असा आहे. अनुदान देणारा आपल्या देशाच्या राजकारणाकडे बोट दाखवितो, व्यापारी जगाच्या भावाकडे, सरकार तिजोरीकडे, बँक नियमाकडे. जबाबदारी अशी हातोहात खाली उतरत जाते, आणि शेवटी ज्याच्या हाती जवळजवळ काहीच नाही, त्या मनुष्याच्या दारात येऊन उभी राहते. तो मात्र बाजाराचे नाव घेऊन मोकळा होत नाही. तो म्हणतो, माझेच चुकले. मीच कर्ज काढावयास नको होते, मीच बोअर खणावयास नको होती, मुलीच्या लग्नाला मी तोंड कसे दाखवू? ज्या साखळीतील प्रत्येक बलवान कड्याने कर्तेपण नाकारले, त्या साखळीतील सर्वांत दुबळे कडे ते सारे कर्तेपण आपल्या अंगावर घेते. शक्तींची भाषा वरच्यांना दोषमुक्त करते. खालच्याच्या वाट्याला मात्र दोषाचीच भाषा उरते. इतिहासाच्या तत्त्वज्ञानातील एक पुस्तकी वाद म्हणून ज्याची आपण चर्चा करतो, त्याचा शेवट एखाद्या घरात असा होतो.

यावर कोणी विचारील की, आम्ही मध्यम स्थितीतील पगारदार माणसे, आमचा यात वाटा किती? गुंजभर असेल. परंतु सुती कापड स्वस्त मिळावे, महागाई वाढू नये, आणि शेतमालाचा भाव चढला की आपण ओरडावे, हे सर्व चेष्टेच्याच सदरात जाते. शिवाय लिहिणारे, शिकविणारे व वर्तमानपत्रे चालविणारे आपणच असल्यामुळे वाक्ये घडविण्याचे काम आपल्याकडे आहे, आणि तो वाटा गुंजेहून थोडा जड आहे. ‘भाव पडला’ असे लिहिताना कोणाच्या कोणत्या निर्णयाने पडला, एवढे शोधून पुढचे वाक्य लिहिता येईल. इतिहासाच्या पेपरात ‘कारणे लिहा’ याच्या जोडीला ‘कोणी काय ठरविले आणि दुसरे काय ठरविता आले असते’ असा प्रश्न घालता येईल.

तेवढ्याने कापसाला भाव येणार नाही, हे मी जाणतो. तरी पाचव्या कारणाच्या खात्यावर लिहिलेल्या रकमा ज्यांच्या त्यांच्या नावावर परत लिहिण्याचे काम कोठून तरी सुरू व्हावयास हवे. तसे झाले, तर निदान ज्याच्या नावावर फार थोडे निघते, त्या माणसाला आपल्या हिशेबाची वही उघडताना भिण्याचे कारण उरणार नाही.